चुकलेल्या फुलाचा व्हिडिओ

संकरित कापसाचं बी कारखान्यात तयार होतं, असं माझ्या मामेबहिणीला अजूनही वाटतं. मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत आहे म्हटल्यावर ती विचारते, "तुझ्या हाताखाली मशिनी किती?" माझ्या हाताखाली मशीन एकही नाही. एमआयडीसीत जी यंत्रं आहेत ती बी साफ करायला आणि पिशव्या भरायला. बी तयार होतं ते शेतात, बायकांच्या बोटांनी, एकेका फुलावर.

हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्लॉटमध्ये, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या शेतात, मादी झाडांच्या ओळी असतात आणि बाजूला थोड्या नर झाडांच्या. दुपार कलली की बायका मादीच्या ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी हेरायची, तिच्या बुडाशी अंगठ्याच्या नखाने गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट आतली परागाची नळी एका झटक्यात उपसून काढायची. मागे उरते ती इवलीशी हिरवी गाठ आणि तिच्यावरची काडी. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्या काडीवर फिरवायचं. या सगळ्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. आदल्या दिवशी बुडाशी परागाचे दोन दाणे जरी राहिले, तरी त्या फुलाचं लग्न घरातल्या घरातच लागतं आणि बी वाया जातं. ते वाया गेलंय हे कळायला मात्र पुढचे कित्येक महिने लागतात, कारण त्या बियाची झाडं उगवून पाहिल्याशिवाय शुद्धता समजत नाही.

बदनापूरच्या पुढे एका गावात हे काम पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या प्लॉटवर केलेली एक बाई होती. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. गावातले सगळेच म्हणायचे. ती चार लोकांत मला म्याडम म्हणायची आणि घरात बेटा. तिचा हात इतका साफ की शेजारच्या गावचे शेतकरी हंगामाच्या आधीच तिला सांगून ठेवायचे. त्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःच्या दीड एकरावर प्लॉट घ्यायचं ठरवलं. ऑफिसात कुणी फारसं राजी नव्हतं. बाई नवी, मजूरही नवे, कारण गावातल्या अनुभवी बाया जुन्या प्लॉटवाल्यांनी आधीच बांधून घेतल्या होत्या. मीच भांडून तिचं नाव यादीत घातलं. आमच्या साहेबांनी एकच हंगाम दिला. शुद्धतेत प्लॉट नापास झाला तर नाव कायमचं कटणार आणि खाला पुन्हा दुसऱ्याच्या ओळीत उभी राहणार. तिला हे मी स्पष्ट सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग नापास कामून होऊ द्यायचा?"

त्याच वर्षी कंपनीने ठरवलं की बायकांना शिकवण्यासाठी व्हिडिओ करायचे. तोपर्यंत आम्ही गावोगाव जाऊन फळ्यावर फुलाचं चित्र काढायचो आणि बायका त्या चित्राकडे सौजन्याने बघत बसायच्या. व्हिडिओची कल्पना मला मनापासून आवडली. सगळ्यात चांगला हात ज्या बाईचा, तिचाच हात सगळ्या गावांनी पाहावा, याहून सरळ शिकवणं कोणतं? मी खालाला विचारलं. तिने एकच अट घातली, "चेहरा न्हाई घ्यायचा. हात घ्या."

मग वरून सूचनांचा कागद आला. उजेड कसा हवा, मागे पसारा नको, बांगड्यांचा आवाज नको, हात स्वच्छ, नखे कापलेली. मी तो कागद फोनवरून खालाला वाचून दाखवला. एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने मी पोह्याला फोडणी घालत होते.

"नखं बी?" खालाने विचारलं.

"हो, नखं पण. जवळून दिसतात ना."

"अंगठ्याचं बी?"

"खाला, सगळीच," मी म्हणाले. मोहरी करपत होती, म्हणून जरा चिडूनच म्हणाले.

तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. अंगठ्याच्या नखाने चीर द्यायची हे वाक्य मी परीक्षेच्या पेपरात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि त्याचे पूर्ण गुण घेतले होते. पुस्तकातला अंगठा आणि खालाचा अंगठा एकच, हे मात्र त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. क्रॉसिंगच्या बाया हंगामाच्या आधी महिनाभर ते एक नख वाढवतात, सांभाळतात, भांडी घासतानाही जपतात. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, खाला नऊ बोटांची नखं काढायची आणि दहावं ठेवायची, हे तर मला तेव्हा माहीतच नव्हतं.

शूटिंगच्या दिवशी ती नवी ओढणी घेऊन आली. हात दगडाने घासून इतके गोरे केले होते की मला हसू आलं. दहाही नखं बुडापासून कापलेली. मी मोबाईल स्टँडला लावला, कळ्या निवडल्या, आणि खाला कामाला लागली. एका झटक्याचं काम ती त्या दिवशी चिमटीने करत होती. पाकळी पाकळी ओढत, बोटाच्या पेराने दाबत. मला वाटलं, बाई समजूतदार आहे, कॅमेऱ्यासाठी मुद्दाम हळू करून दाखवतेय. मी मधूनमधून "वा" म्हणत होते. ते "वा" सुदैवाने व्हिडिओत आलं नाही, कारण व्हिडिओ जोडणाऱ्या शहरातल्या माणसाने आवाज काढून टाकून त्याजागी बासरी घातली आणि खाली सुंदर अक्षरांत सूचना लिहिल्या.

क्रॉसिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी खालाच्या अंगणात तिच्या नऊ बायांना मी तो दाखवला. आठ जणी नव्या होत्या. अक्षरं वाचणाऱ्या दोघीतिघीच, पण पाहायच्या सगळ्या. अशा टक लावून त्यांनी पाहिलं की मला शिक्षिका झाल्यासारखं वाटलं. नववी म्हणजे खालाची नणंद, जुनी जाणती बाई. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. "मोबाईलात पाहून कुठं काम शिकतं का कुनी," असं ती म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, सुधारणेला विरोध हा असा असतो.

पुढचे चार दिवस मी दुसरीकडे होते. पाचव्या दिवशी सकाळी स्कूटी घेऊन प्लॉटवर गेले तेव्हा बाया बांधावर चहा पीत होत्या. माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. आठही जणींची नखं स्वच्छ कापलेली. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचं कौतुक केलं. हातांची किती छान काळजी घेताय, म्हणाले.

एक जण लाजून म्हणाली, "व्हिडिओत तसंच हाय ना, म्याडम. आमी पाहूनच कापले."

नणंदेने कप खाली ठेवला. "म्हनून तर बोटं दुखून राह्यलीत ह्यांची. नखाबिगर कळी सोलायली दुनिया."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चहा न घेताच ओळीत गेले. आदल्या संध्याकाळी सोललेल्या कळ्या पाहिल्या. नुसत्या डोळ्यांना ठीक वाटत होत्या. मग मोबाईल अगदी जवळ धरून एका कळीचा व्हिडिओ काढला आणि तो थांबवून दोन बोटांनी मोठा केला. बुडाशी पिवळे दाणे होते. दुसरीचा काढला, तिथेही होते. तिसरी साफ होती. चौथीची गाठच नखाऐवजी बोटाने दाबून काळी पडली होती. करायला गेले गणपती आणि झाला होता मारुती, तोही दीड एकरभर.

खाला माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला फोन दाखवला. तिला जवळचं नीट दिसत नसे आणि चष्मा लावायला ती तयार नसे. काम बोटांना कळतं, डोळ्यांचं काय अडलंय, असं तिचं म्हणणं. आता तिने फोन हातात घेतला आणि हात लांब करून ते पिवळे दाणे पाहिले.

"हे कोनाच्या ओळीतलं?"

"तुमच्या," मी म्हणाले.

"माझ्या हातचं?"

"हो, खाला."

तिने आणखी चार कळ्या मला मोठ्या करून दाखवायला लावल्या. मग नणंदेच्या दोन ओळींत नेलं. तिथल्या कळ्यांत एक दाणा दिसला नाही. खाला म्हणाली, "मला वाटलंतं कंपनीनं काई नवीन काढलं असंल. तुमी शिकलेली मान्सं, काई तरी सोचूनच सांगितलं असंल." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी एक वाक्य बोलले, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "सगळीच फुलं काही बिघडली नसतील. चारच दिवसांचं काम आहे. चाचणीत कदाचित निघूनही जाईल." हे मी तिच्यासाठी बोलले असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ऑफिसात काय तोंड दाखवू, हा माझा प्रश्न होता.

खाला म्हणाली, "ह्यातलं कोनतं बराबर अन् कोनतं गलत, बोंड फुटल्यावर बी कळनार न्हाई, बेटा. एक बी खराब बोंड गेलं तर सगळ्या प्लॉटचं नाव खराब." आणि तिने बायांना हाक मारली. नणंदेच्या दोन ओळी सोडून बाकी सगळं तोडायचं. चार दिवसांत जे धरलं असेल ते, झाडावर काही ठेवायचं नाही.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "पन आमी तर व्हिडिओत पाहिलं तसंच केलंतं. चुकलं कुनाचं?"

मी पुढे झाले. मी बोलणार होते, हे मी शपथेवर सांगते. खाला माझ्या आधी बोलली. "माझं चुकलं. हात चांगले दिसावे म्हनून मी नख कापलं. तुमी माझं पाहून कापलं. तुमचा काईच दोष न्हाई."

आणि मी गप्प बसले. नंतर बांधावर दोघीच असताना मी तिला विचारलं, असं का सांगितलंत? ती घमेलं रिकामं करत होती. म्हणाली, "ह्या बाया नव्या हायेत. म्याडमचं एक चुकलं म्हन्ल्यावर उद्या म्याडमचं काईच ऐकनार न्हाईत. फवारनीचं न्हाई, नराच्या फुलाचं न्हाई. दोन महिने काढायचेत अजून." माझ्यासाठी नाही, प्लॉटसाठी, असंच ती बोलली. मला ते सोयीचं पडलं म्हणून मी ते मान्य केलं.

दुपारपर्यंत आम्ही तोडत होतो. हरभऱ्याएवढी बोंडं घमेल्यात पडताना आवाजही येत नव्हता. मी दोन ओळी तोडल्या आणि कंबर धरली. खालाने पाच तोडल्या. मधे तिने एक बोंड हातात घेऊन फोडून पाहिलं, परत टाकलं आणि पुढे गेली. पहिल्या प्लॉटचं पहिलं फळ ती आपल्याच हाताने तोडत होती.

नख काही रातोरात वाढत नाही. खालाने त्याच दिवशी माहेरी फोन लावले. ख्यालीखुशाली न विचारता ती थेट विचारत होती, "अंगठ्याला नख हाय का?" तिसऱ्या दिवशी चार बायका पिशव्या घेऊन उतरल्या. पंधरा दिवस त्या चौघी आणि नणंद संध्याकाळी कळ्या सोलायच्या, आणि आमच्या आठ जणी सकाळी नराचं फूल फिरवायच्या, सोलायची राहून उमललेली फुलं खुडायच्या आणि आपापल्या अंगठ्याकडे बघत बसायच्या. नख पुरेसं झालं की खाला ते स्वतःच्या दंडावर टोचून बघायची आणि मगच त्या बाईला ओळ द्यायची.

दुसरा व्हिडिओ करायचा हा हट्ट तिचाच. "पहिला गावोगाव फिरून राह्यला. तिकडं बी कापत असतील." ही भीती मलाही होती, आणि मी ऑफिसला सांगून तो काढून घ्यायला लावलाही होता. पण फोनवर एकदा गेलेली गोष्ट परत येते का कुठे? या वेळी बासरी नाही आणि अक्षरं नाहीत, असं मी ठरवलं. बायका कान देऊन ऐकतात, तर बोलायचंच. खालाचं नख अजून अर्धंच आलं होतं, म्हणून अंगठा नणंदेचा आणि आवाज खालाचा. नणंदेला मोबाईलसमोर बसवायला मला दोन दिवस लागले. शेवटी ती बसली ती तोंड फिरवून, फक्त हात पुढे करून.

मी म्हणाले, आधी बरोबर पद्धत दाखवू. खाला म्हणाली, "न्हाई. आधी गलत." तिने मुद्दाम बिननखाने सोललेली कळी समोर ठेवली, मला ती मोठी करून घ्यायला लावली, आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बायांनो, हे चुकलेलं फूल हाय. हे मी चुकवलं. पंधरा साल काम केलेल्या बाईनं चुकवलं. मी अंगठ्याचं नख कापलंतं. हे पिवळे दाने पाहा. डोळ्याला दिसत न्हाईत, पन हायेत." मग नणंदेचा अंगठा आला, एक चीर, एक झटका, आणि खाला म्हणाली, "हे बराबर."

मी त्या वेळी मोबाईल धरून उभी होते. "थांबा, ते मी सांगितलं होतं," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "छान झालं."

तो व्हिडिओ वाऱ्यासारखा फिरला. कोण कुठली बाई कोणाच्या फोनवर पाठवायची ते देव जाणे, पण दुसऱ्या तालुक्यांतून फोन यायला लागले. ऑफिसात माझं कौतुक झालं. चूक दाखवून शिकवण्याची माझी कल्पना फार अभिनव आहे, असं साहेब चार लोकांत म्हणाले. माझी कल्पना! मी मान खाली घातली, त्याला विनय समजण्यात आलं.

उन्हाळ्यात निकाल लागला. खालाचा प्लॉट पास झाला, आणि नुसता पास नाही, आमच्या भागातल्या चांगल्यांपैकी एक. मी खालाला फोनवर सांगितलं. मग नणंदेचा आवाज आला, "रडून राह्यली ती. नंतर लावा." मीही स्कूटी बाजूला घेऊन रडले. मला ती बाई फार आवडते, हे मी कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं.

पुढच्या हंगामात मला वाटूरकडची गावं मिळाली. तिथे एका देवळाच्या मंडपात तीसेक बायका बसल्या होत्या. मी व्हिडिओ लावला. "हे मी चुकवलं" आलं आणि मागच्या बाजूला खसखस पिकली. एक जण म्हणाली, "पंधरा साल काम करून नख कापती, येडी हाय का काय ही बाई?" सगळ्या हसल्या. वाईट मनाने नव्हे, बायका हसतात तशाच हसल्या. याआधीही कुठे कुठे हसल्या होत्या आणि मी चालू दिलं होतं. त्या दिवशी मला ते ऐकवेना. मी व्हिडिओ थांबवला.

"तिला नख कापायला मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. तिची काही चूक नाही."

हसलेलीच बाई होती, तिने सरळ मनाने विचारलं, "मंग व्हिडिओत तुमी कामून न्हाई?"

मी पुढचं शिकवून टाकलं, नख कसं जपायचं ते सांगितलं आणि निघाले. खालाचा अंदाज चुकला होता, एवढं मात्र मला जाताना कळलं. माझं चुकलं म्हटल्यावर त्या बायकांनी माझं ऐकणं सोडलं नाही. उलट त्या दिवशी प्रश्न जास्त आले.

घरी आल्यावर मी भिंतीला टेकून बसले आणि मोबाईल समोर ठेवून बोलले. मिनिटभरच बोलले. चेहरा घेतला, माझा. नख कापायला सांगणारी मी, शिकलेली मी, तिने विचारलं तेव्हा न ऐकणारी मी. ते खालाच्या बोलण्याच्या आधी जोडलं, ऑफिसला पाठवलं आणि खालाला पाठवलं. ऑफिसातून दोन तासांत फोन आला, त्यातलं सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. खालाकडून दोन दिवस काहीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात ज्वारी निवडत होती. मला पाणी दिलं, चहा ठेवला. मी वाट पाहून थकले आणि विचारलं, "खाला, व्हिडिओ पाहिलात? रागावलात का?"

"राग कशाचा?" ती म्हणाली. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. "पाहिला. दोनदा पाहिला. मला वाटलंतं, तू सांगनारच न्हाईस."

म्हणजे सबंध एक वर्ष ती वाट पाहत होती. प्रत्येक वेळी मी आले की चहा ठेवत होती, बेटा म्हणत होती, आणि वाट पाहत होती. मी काहीतरी बोलायला गेले तर ती उठून आत गेली, आणि चहा उतू जायच्या आत तिने गॅस बंद केला.